आमचे वार्ताहर ग्रंथकार होतात

कलबुर्गीहून हुमनाबादकडे येताना कमलापूरच्या पुढे, दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, एखादा ट्रक उलटला की दोन मोटारसायकली दोन बाजूंनी निघतात. एकीवर लातूर आवृत्तीचा वार्ताहर, दुसरीवर सोलापूर आवृत्तीचा. बिदर जिल्ह्यातली मराठी बातमी भालकी-उदगीर करत लातूरला जाते आणि कलबुर्गी जिल्ह्यातली आळंद-अक्कलकोट करत सोलापूरला, ही आमच्याकडची जुनी वहिवाट. त्यामुळे ट्रकची पुढची चाके कुठल्या जिल्ह्यात आणि मागची कुठल्या, याचा पंचनामा पोलीस येण्याआधी वार्ताहरांनी केलेला असतो. ट्रकमध्ये तूर असली तर दोघेही बातमीवर हक्क सांगतात. कमलापूरची तांबडी केळी असली तर आधी दोघे मिळून केळी खातात, हक्काचे मग बघतात. दुसऱ्या दिवशी लातूरच्या अंकात बातमी नसते. सोलापूरच्या अंकात असते, पण तीन ओळींची, आणि त्या तीन ओळींत हुमनाबाद कलबुर्गी जिल्ह्यात टाकलेले असते.

हे तीन ओळींचे दुःख समजून घेतल्याशिवाय आमच्या भागातला वार्ताहर शेवटी पुस्तक का लिहितो, ते कळायचे नाही. बाकीच्या मुलखात माणूस प्रतिभेमुळे लेखक होत असेल. आमच्याकडे तो जागेअभावी होतो.

‘जागेअभावी’ हा शब्द डेस्कवरून येतो. लातूरच्या पानावर औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर यांची दाटी. तिथे भालकी, औराद, बसवकल्याण यांना जागा मिळते ती पायाशी, वाढदिवसाच्या जाहिरातीच्या वरती, आणि जाहिरात मोठी आली तर तीही नाही. उपसंपादकाचाही दोष म्हणता येत नाही. त्याच्या दृष्टीने पान महाराष्ट्राचे आणि बातमी कर्नाटकाची. बरे, हाच उदगीर, हाच निलंगा, हाच अहमदपूर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे पडले. उदगीरकडचा भाग मुंबई राज्यात गेला, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात गेले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. भावाभावांत वाटणी झाली की तंटा भांड्यांवरून होतो. इथे तंटा गावांवरून झाला, महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल येऊनही मिटला नाही, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्राने मागितलेल्या ८६५ गावांचा आकडा आमच्या वार्ताहराला स्वतःच्या फोन नंबरापेक्षा पक्का पाठ असतो. झोपेतून उठवून विचारा, आधी आकडा सांगेल आणि मग विचारेल, कोण आहे म्हणून.

वार्ताहर हा व्यवसाय आमच्याकडे पोटासाठी कुणी करत नाही, कारण त्याने पोट भरत नाही. पोटाला किराणा दुकान असते, खताची एजन्सी असते, विमा असतो, संस्थेतली मास्तरकी असते. वृत्तपत्राकडून मिळते ते मानधन. त्यातला मान रोज मिळतो, धन वर्षाकाठी मिळाले तर मिळते. पूर्वी दामाजीपंतांचे थकलेले धान्याचे पैसे भरायला प्रत्यक्ष विठोबा बेदरच्या बादशहाच्या दरबारात आला आणि रीतसर पावती घेऊन गेला, अशी कथा आहे. बिदरच्या इतिहासात वेळेवर पैसे आल्याचा आणि त्याची पावती मिळाल्याचा हा दाखला वार्ताहर मंडळी फार श्रद्धेने सांगतात.

खरे उत्पन्न जाहिरातीचे. आमदार कन्नड, त्यांच्या वाढदिवसाची जाहिरात मराठी, आणि जाहिरातीखाली शुभेच्छुक म्हणून ज्यांची नावे असतात त्यातली निम्मी मंडळी उर्दूत सही करणारी. एका दिवसात आमचा वार्ताहर किती भाषांतून जातो ते पाहण्यासारखे असते. सकाळी डीसी म्हणजे जिल्हाधिकारी साहेबांची पत्रकार परिषद कन्नडमध्ये. तिथे तो ‘बर्री सर, कुंदर्री’ ऐकून पहिल्या रांगेत बसतो. दुपारी बाजार समितीत अडत्याशी दखनीत, ‘तुवर का भाव क्या बोलरे मियाँ’. संध्याकाळी जहीराबादहून आलेल्या बियाणेवाल्याशी मोडक्या तेलुगूत. रात्री घरी बसून हे सगळे मराठीत उतरवायचे, आणि तेही पुण्याच्या मराठीत, कारण डेस्कला ‘येऊलालेत’ चालत नाही, ‘येत आहेत’ लागते. तीन भाषांत ऐकलेली बातमी चौथ्या भाषेत लिहिणारा हा माणूस दिल्लीत असता तर परराष्ट्र खात्याने उचलला असता.

पण परंपरा पाहिली तर आमचा भाग वार्ताहरांचाच. कलबुर्गी जिल्ह्यात आळंद तालुक्यात कडगंची नावाचे गाव आहे. आता तिथे कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ आहे, म्हणून लोकांना नाव माहीत झाले. त्याच्या किती तरी आधी कडगंचीचे सायंदेव हे गाणगापूरच्या नृसिंह सरस्वतींचे शिष्य होते. भीमा-अमरजेच्या संगमावर काय घडले, कोण आले, कोणाला काय गुण आला, हे सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. पण ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ लिहिला तो त्यांच्या वंशातल्या पाचव्या पिढीच्या सरस्वती गंगाधरांनी. घटना घडली पहिल्या पिढीत, प्रसिद्ध झाली पाचव्या पिढीत! इतका वेळ आजच्या डेस्कवरसुद्धा लागत नाही. आणि घरची भाषा कन्नड असताना लिहिले मराठीत. म्हणजे सीमाभागातल्या वार्ताहराची सगळी लक्षणे या घराण्यात सोळाव्या शतकाच्या आसपासच दिसतात. घरात एक भाषा, मजकुरात दुसरी, आणि प्रसिद्धीला उशीर.

गुरुचरित्रात बिदर-कलबुर्गीची एकत्रित बातमीही आहे. बेदरच्या राजाला फोड झाला, कोणत्याही औषधाने बरा होईना, तेव्हा तो लवाजम्यासह गाणगापूरला आला, ही ती कथा. आज कोणी बादशहा असा गाणगापूरला आला असता तर बातमी ‘सदिच्छा भेट’ म्हणून गेली असती, फोडाचा उल्लेख डेस्कने कापला असता आणि स्वागताला कोण कोण उपस्थित होते याची नावे अकरा ओळींत छापली असती. सरस्वती गंगाधरांनी नेमका फोड ठेवला आणि उपस्थितांची नावे कापली. म्हणून ते पुस्तक आजही घरोघर सप्ताह लावून वाचले जाते.

नंतरचा मोठा काळ निजामाचा. तेव्हा इथे वार्ताहर असणे म्हणजे काय होते, ते आज मोटारसायकलवर तीन लिप्यांत ‘प्रेस’ लिहिणाऱ्याला सांगूनही कळत नाही. सभा घ्यायची तर आधी परवानगी हवी, असा तो कुप्रसिद्ध ‘गश्ती निशाण ५३’. आ. कृ. वाघमारे यांनी निजामाच्या हद्दीबाहेरून ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले. त्यावर निजामाने बंदी घातली. वाघमाऱ्यांनी नाव बदलून तोच अंक पुन्हा पाठवला. पुन्हा बंदी, पुन्हा नवे नाव. सरकारचा एक कारकून बंदीचे हुकूम लिहून दमला असेल, वाघमारे नावे शोधून दमले नाहीत. इकडे भालकीच्या मठात चन्नबसव पट्टद्देवरु मुलांना कन्नड शिकवत होते, तर शाळेच्या बाहेर पाटी उर्दू आणि आत पाठ कन्नड. मराठी साप्ताहिकाने नाव बदलायचे, कन्नड शाळेने पाटी बदलायची. त्या काळात आमच्या दोन्ही भाषांचे जेवढे एकमत होते तेवढे नंतर कधी झाले नाही.

त्या दिवसांची एक गोष्ट विनोदात बसत नाही, पण वगळताही येत नाही. हैदराबादचे ‘इमरोज’ नावाचे उर्दू दैनिक चालवणारे शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, संस्थान मुक्त झाले. बिदरचा कोणीही जुना पत्रकार भाषणाला उभा राहिला की हे नाव घेतल्याशिवाय बसत नाही, आणि ते नाव घेताना तो उपस्थितांची यादी विसरतो. एवढेच.

वार्ताहरकीतून ग्रंथाकडे कसे जावे, याचा आमच्या भागातला धडा अनंत भालेराव यांचा. वाघमाऱ्यांच्या ‘मराठवाडा’ची परंपरा पुढे औरंगाबादला दैनिक म्हणून चालली आणि तिचे संपादक भालेराव. स्वातंत्र्यलढ्यात स्वतः होते, आणीबाणीत तुरुंगात होते, मधल्या काळात रोज अग्रलेख लिहीत होते. त्या माणसाने हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम ग्रंथरूपाने लिहिला, ‘मांदियाळी’त माणसांची चित्रे लिहिली. त्यांच्या लेखनात घाई दिसत नाही. आयुष्यभर रात्री बारापर्यंतच्या मुदतीत लिहिलेल्या माणसाला दिवसाउजेडी निवांत लिहिता येणे, हीच खरी सिद्धी. आमच्याकडच्या बहुतेकांना ती साधत नाही. पुस्तक लिहायला बसले तरी कानात छापखान्याची गाडी निघाल्याचा आवाज येतच राहतो.

मराठीत तशी वार्ताहर-लेखकांची कमी नाही. ग. त्र्यं. माडखोलकर नागपूरला ‘तरुण भारत’चे संपादक आणि लोकप्रिय कादंबरीकार. १९४६ ला बेळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. म्हणजे आमच्या वार्ताहराची आयुष्यभराची मुख्य बातमी एका पत्रकार-कादंबरीकाराच्या अध्यक्षतेखाली जन्माला आली. तो ठराव त्या दिवशी झाला नसता तर भालकीच्या वार्ताहराकडे आज पाणीटंचाई आणि वाढदिवस एवढाच मजकूर उरला असता. आचार्य अत्रे उलट्या रस्त्याने आले, आधी नाटककार आणि मग १५ नोव्हेंबर १९५६ पासून ‘मराठा’चे संपादक. अत्र्यांच्या लेखणीची नक्कल आमच्याकडे तीन पिढ्या चालू आहे. ती जमत नाही, तरीही चालू आहे.

आणि अरुण साधू. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांत वार्ताहर असलेल्या या माणसाने ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिल्या आणि त्या दोन्हींवरून १९७९ साली जब्बार पटेलांनी ‘सिंहासन’ चित्रपट केला. निळू फुल्यांनी त्यात दिगू टिपणीस नावाचा वार्ताहर रंगवला. तो चित्रपट उदगीर-सोलापूरच्या थेटरांतून आमच्याकडे पोचला आणि आमच्या भागातले वार्ताहर बदलले. त्याआधी ते बातमी आणायचे, त्यानंतर मंत्र्याच्या चेहऱ्यात काहीतरी वाचू लागले. खांद्याला झोळी आली, दाढी दोन दिवसांची राहू लागली, बोलताना मध्येच गप्प होण्याची सवय लागली. मुख्यमंत्री पडणार की राहणार हे दिगूला ठाऊक असते. आमच्या वार्ताहराला ग्रामपंचायतीचा पीडीओ बदलणार की नाही एवढे ठाऊक असते, पण चेहरा तोच. आणि चित्रपटाच्या शेवटी दिगू वेड्यासारखा हसतो, तसे हसण्याची पाळी आमच्यावर आली ती बिदर-कलबुर्गी रेल्वेने. मंजुरी नव्वदच्या दशकातली. तेव्हापासून दरवर्षी अंदाजपत्रकाच्या आसपास ‘लवकरच सुरू होणार’ ही बातमी जायची. वार्ताहराचे केस काळ्याचे पांढरे झाले, मुलगी शाळेतून कॉलेजात, कॉलेजातून सासरी गेली, ‘लवकरच’ मात्र तसेच. शेवटी २९ ऑक्टोबर २०१७ ला पंतप्रधानांच्या हस्ते गाडी सुटली. त्या दिवशी बातमीला जागा मिळाली, पण ती दिल्लीच्या वार्ताहराच्या नावाने.

बाहेरच्या जगात असे होत नाही, असे आमची मंडळी मानतात. १९५५ साली कोलंबियात गॅब्रिएल गार्सिया मार्केझ नावाचा तरुण बातमीदार होता. समुद्रात दहा दिवस तरंगत राहिलेल्या एका खलाशाची हकीकत त्याने लिहिली आणि वृत्तपत्राने ती चौदा भागांत छापली. पुढे तिचेच पुस्तक झाले, आणि बातमीदाराला पुढे नोबेल मिळाले. मांजरेच्या पुरात झाडावर रात्र काढलेल्या शेतकऱ्याची हकीकत आमच्या वार्ताहराने कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन आणली तर तिला चौदा भाग सोडा, चौदा ओळी मिळत नाहीत. अमेरिकेत हेमिंग्वेने कॅन्सस सिटीच्या ज्या वृत्तपत्रात उमेदवारी केली तिथे नियम होता, की वाक्ये लहान लिहा. त्याचे त्याने सोने केले. आमच्या वार्ताहराला तोच नियम डेस्कने न सांगता शिकवला आहे, पण इथे वाक्य लहान लिहिले तर उपसंपादक आणखी लहान करतो, म्हणून तो मुद्दाम लांब लिहितो. आठ ओळींचे वाक्य पाठवायचे, म्हणजे चार ओळींचे तरी छापून येईल.

तर अशी तीसेक वर्षे जातात. कापलेल्या ओळी साचत जातात. कोणाकडे वह्या असतात, कोणाकडे पाठवलेल्या बातम्यांच्या कार्बन कॉप्या, अलीकडच्यांकडे जुना मोबाइल. आणि मग एखाद्या सकाळी पारावर चुरमुऱ्यांचा सुशीला आणि मिरची भजी खाताना संवाद होतो.

“काय सर, काय लिवूलालाव सध्या?”

“पुस्तक.”

“कशावर?”

“सीमाभागावर.”

“मग तर सोपं हाय की. शेवट लिवायची गरजच न्हाई.”

पुस्तक लिहायला जो वेळ लागतो तो नाव ठरवण्यात जातो. नावात ‘सीमा’, ‘वेदना’, ‘वही’ आणि ‘माती’ यांपैकी दोन शब्द असावेच लागतात. दोनच घेतले तर पुस्तक ललित, तीन घेतले तर वैचारिक, चारही घेतले तर तो गौरवग्रंथ. प्रस्तावना मिळवायला उदगीरच्या किंवा लातूरच्या प्राध्यापकाकडे चार चकरा. प्राध्यापक प्रस्तावनेत पहिली सहा पाने स्वतःच्या संशोधनावर लिहितात आणि सातव्या पानावर ‘प्रस्तुत लेखकाने’ म्हणून एक परिच्छेद लिहितात. छपाईचे पैसे तुरीचे. तुरीला भाव आला त्या वर्षी आमच्या भागात साहित्याला बहर येतो. कलबुर्गी हे तुरीचे कोठार, तिथल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. इथल्या पुस्तकांनाही ते द्यायला हरकत नाही, कारण ती त्याच शेतात पिकतात.

आणि पुस्तकाची भाषा! माणूस आयुष्यभर ज्या डेस्कवर चिडलेला असतो, पुस्तक लिहिताना त्या डेस्कला तो स्वतःच्या डोक्यात घेऊन बसतो. कापायला आता कोणी नाही, जागा हवी तेवढी, आणि लिहितो काय? ‘माझ्या आईचे दुःखद निधन झाले. त्यांच्या पश्चात तीन मुले, दोन मुली, सुना, नातवंडे असा मोठा परिवार आहे.’ स्वतःच्या आईबद्दल! पहिल्या प्रेमाच्या प्रकरणात ‘या वेळी मोठ्या संख्येने ग्रामस्थ उपस्थित होते’ असे वाक्य मी स्वतः वाचले आहे. प्रेमाच्या वेळी ग्रामस्थ का उपस्थित होते, हे पुढच्या पानावर कळते, कारण पुढचे प्रकरण मारहाणीचे आहे. ‘प्रतिपादन केले’, ‘नमूद केले’, ‘अधोरेखित केले’ ही क्रियापदे बायकोच्या तोंडीही असतात. बायको म्हणते, तेल संपले. लेखक लिहितो, तेल संपल्याची बाब तिने निदर्शनास आणून दिली.

प्रकाशन सोहळा हा वेगळाच विषय आहे. व्यासपीठावर चौदा खुर्च्या, खाली वीस. बॅनरवर आमदारांचा फोटो मोठा, स्वामीजींचा त्याहून मोठा, पुस्तकाचे मुखपृष्ठ टपाल तिकिटाएवढे, आणि लेखक कोपऱ्यात, हात जोडून. सुरुवात बसवेश्वरांच्या वचनाने, मग ज्ञानेश्वरीची ओवी, मग स्वागत कन्नडमध्ये, प्रास्ताविक मराठीत, आणि मधेच एक खाँसाहेब उठून दखनीत दोन शेर म्हणतात, जे सगळ्या कार्यक्रमात सर्वांना कळलेले एकमेव भाषण असते. आमदारसाहेब कन्नडमधून सांगतात की पुस्तक मराठीत असल्यामुळे वाचले नाही. त्यांच्यानंतरचे माजी आमदार मराठीतून बोलतात आणि वाचले नसल्याचे सांगत नाहीत. हार असा असतो की त्यात लेखक दिसेनासा होतो. एरवी ज्या गोष्टीवरून दोन राज्यांत बसगाड्या बंद पडतात, ती गोष्ट या सभागृहात शाल आणि नारळ एवढ्यावर मिटलेली असते. दोन्ही भाषांना सारखेच हार, दोन्ही भाषांना सारखाच चहा. आमच्या भागात भांडण बाहेरून येते आणि प्रकाशन सोहळे घरचे असतात, हे माझे ठाम मत आहे.

सोहळ्याची बातमी कोण देणार? गावातला वार्ताहर एकच आणि तोच लेखक. तो रात्री घरी येतो, हार खुंटीला लावतो, आणि स्वतःबद्दल तृतीय पुरुषात लिहायला बसतो. विनय म्हणून स्वतःचे नाव शेवटी घालतो. बातमीचा नियम त्याला तीस वर्षांपासून ठाऊक आहे, की वरून मान्यवर आणि कापायचे ते खालून. तरी विनय नडतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वामीजी, आजी-माजी आमदार, पंचायत सदस्य, सूत्रसंचालक, आभार मानणारे, सगळे येतात. पुस्तक कोणाचे, ते जागेअभावी गेलेले असते.

आता यातली गंभीर गोष्ट सांगतो. या पुस्तकांतली अर्ध्याहून अधिक पाने टाकाऊ असतात, हे मान्य. सत्कारांचे फोटो, मंत्र्यांबरोबरचे फोटो, मंत्र्यांच्या पीएबरोबरचे फोटो. पण मधे कुठेतरी दहा-बारा पाने अशी लागतात की तशी मराठीत दुसरीकडे नाहीत. मराठी शाळेत एकच शिक्षक उरला आणि त्याला पहिली ते चौथी एका खोलीत बसवावी लागली, त्या खोलीचे वर्णन असते. भावाचे शेत एका राज्यात आणि विहीर दुसऱ्या राज्यात गेली, म्हणून वीजजोडणीसाठी कोणत्या कचेरीत जायचे याचा झगडा असतो. सरकारी कागद कन्नडमध्ये आला आणि म्हातारीने तो तीन महिने देवघरात ठेवला, कारण तिला वाटले ते जमिनीचे पत्र आहे, आणि निघाली ती थकबाकीची नोटीस. या पानांवर ‘प्रतिपादन’ नाही, ‘उपस्थित’ नाही. तिथे ‘येऊलालेत’ आहे, ‘काय करावं बाप्पा’ आहे, कारण त्या ओळी कधीच कोणत्याही डेस्ककडे गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर त्या कापल्या गेल्याच असत्या, पण त्याआधी सुधारल्या गेल्या असत्या, आणि ते जास्त वाईट. भालेरावांच्या माणसांच्या चित्रांत जे मोठ्या प्रमाणावर आहे, ते या गावठी पुस्तकांत चिमूटभर आहे. चिमूटभर आहे म्हणून फेकून द्यायचे कारण नाही. बिदरी काम करणारे कारागीर किल्ल्यातली मूठभर माती त्या भांड्याला काळा रंग यावा म्हणून वापरतात. त्यांना कोणी, एवढीच का, असे विचारत नाही.

या पुस्तकांचे पुढे काय होते? पाचशे प्रती छापतात. दीडशे सोहळ्यात शाल-नारळासोबत जातात. शंभर ‘सप्रेम भेट’. त्यातल्या काही महिन्यांनी बसवकल्याणच्या रद्दीवाल्याकडे पुन्हा दिसतात, आणि सप्रेम कोणाला दिली होती ते आतल्या सहीमुळे गावाला कळते. या कारणावरून आमच्याकडे दोन घराण्यांत आजतागायत बोलणे नाही. ग्रंथालयाने घ्यावीत तर महाराष्ट्रातली ग्रंथालये म्हणतात लेखक कर्नाटकातला, कर्नाटकातली म्हणतात भाषा महाराष्ट्राची. उरलेल्या प्रती घरात, कॉटखाली. वहिनी म्हणतात, “कॉट हलेना गेली की हो, झाडायला होईना.” लेखक म्हणतो, साहित्य स्थिर झाले.

म्हणून वाचकांना एक विनंती. गाणगापूरला दर्शनाला जाता, माणिकनगरला जाता, बिदरचा किल्ला आणि महमूद गवानचा मदरसा बघायला जाता, तसे जाताना भालकीला, आळंदला, औरादला पाच मिनिटे थांबा. मोटारसायकलवर तीन लिप्यांत ‘प्रेस’ लिहिलेले दिसले की तिथे विचारा, पुस्तक आहे का. असतेच. ‘सप्रेम भेट’ मागू नका, मागच्या पानावर किंमत छापलेली असते तेवढी द्या, सुटे नसतील तर फोनवरून पाठवा. सत्काराचे फोटो ओलांडा, प्रस्तावना ओलांडा, आणि मधली दहा-बारा पाने शोधून वाचा. वाचून झाल्यावर एक पोस्टकार्ड लेखकाला आणि एक लातूर किंवा सोलापूरच्या डेस्कला टाका. डेस्कच्या कार्डात मजकूर थोडकाच लिहा.